अर्धा घाव

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणूस गाडी कुठेतरी ठोकणार हे मला त्याच्या आधी कळतं, कारण त्याचे खांदे कानाला लागतात. तसं दिसलं की मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबते. आमच्या शाळेच्या गाड्यांना शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि त्याच्या जोरावर मी आजवर भल्याभल्यांना धीर दिला आहे. तरी गाड्या ठोकल्या जातातच. खांब मध्ये येतात, भिंती मागून येतात, असं ठोकणारे मला शपथेवर सांगतात.

ठोकलेली गाडी घेऊन मी ठोक्याकडे जायची. ठोक्या म्हणजे पुढे माझा नवरा झाला तो. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचं काम, म्हणून सगळा रस्ता त्याला ठोक्या म्हणायचा आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हातोडी मारत नव्हता. डोळे मिटून एका दारावरून तळहात फिरवत होता. पत्रा कुठे खाली गेलाय नि कुठे फुगलाय ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं, म्हणाला. इतक्या हलक्या हाताने मला तोवर कोणी कुरवाळलंही नव्हतं. असा माणूस मला आवडला. यात माझं काय चुकलं ते आता कोणी मला शिकवायला येऊ नये.

वर्कशॉप त्याच्या वडिलांचं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत, पोटची पोरंसुद्धा. बाबा म्हणायची त्या घरात सोय नव्हती. कामाला वाघ माणूस, आणि बाकी सगळा कारभार एक घाव दोन तुकडे. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या, आणि मधल्या जिन्यावर सदा उभी असलेली माझी नणंद. तिला मीही ताईच म्हणायची. ताई माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी. तिने लग्न केलं नव्हतं आणि तिचा आवाज इतका बारीक होता की पंखा चालू असला तर तिचं निम्मं बोलणं वाया जायचं. मला ताप आला की ती रात्रभर उशाशी बसायची. माझ्या आईने कधी केलं नाही इतकं तिने माझं केलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी तो प्रकार पहिल्यांदा पाहिला. एक गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं होतं. टापटीप कपडे, हातात किल्ल्यांचा जुडगा. रंग जुळला नाही म्हणून ओरडायला लागला. ठोक्या मान खाली घालून ऐकत होता. मग त्या माणसाने त्याच्या छातीवर बोट टोचलं आणि म्हणाला, "तुझ्या बापाला तरी कळतं का रे रंगातलं?"

ठोक्याचा उजवा हात वर गेला आणि तिथेच थांबला. मी म्हटलं, चला, सुटलो. पण तो हात खालीही येईना. थरथरायला लागला. ठोक्याने मान वळवून जिन्याकडे पाहिलं, ताईकडे. ताई दोन पायऱ्या खाली उतरली. उस्ताद कोपऱ्यात खुर्चीवर बसून एका बिजागरीला तेल देत होते. त्यांनी वरही न बघता म्हटलं, "अर्धा राहिला."

ताई आणखी एक पायरी उतरणार तेवढ्यात ठोक्याचा हात खाली आला, तो त्या माणसाच्या जबड्यावर. एकदाच आला असता तर मी समजू शकले असते. मीही गरम डोक्याची आहे. पण तो येत राहिला. माणूस खाली पडला तसा ठोक्या त्याच्या छातीवर बसला आणि एका लयीत मारत राहिला, पत्र्यावर मारतो तसा, राग नाही की घाई नाही. त्या माणसाचा दात घरंगळत माझ्या चपलेपाशी आला. मी ठोक्याच्या पाठीला लटकले, त्याचे केस ओढले, खांद्याला चावले. मी तिथे आहे हे त्याला कळलंसुद्धा नाही. शेवटी उस्ताद म्हणाले, "बास." आणि नळ बंद करावा तसा तो हात थांबला.

पुढे पोलीस आले, मिटवामिटवी झाली, उस्तादांनी त्या माणसाची गाडी पुन्हा रंगवून दिली. जबडा मात्र त्याचा त्यालाच दुरुस्त करून घ्यावा लागला. संध्याकाळी उस्तादांनी ठोक्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. मी त्या घरात आल्यापासून म्हाताऱ्याने कोणाला वाढलेलं पाहिलं नव्हतं. ठोक्या खाली मान घालून जेवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते सुख होतं. भूक भागल्याचं नव्हे. लहान पोराला कडेवर घेतल्यावर दिसतं तसलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला धरलं. ती इस्त्री करत होती.

"ताई, तो थांबला होता. मी पाहिलं. मग तुमच्याकडे का बघितलं त्याने?"

"सवय," ताई म्हणाली.

"कसली सवय?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "उस्तादांचा नियम आहे. हातोडी उचलली की घाव पुरा घालायचा. अर्ध्या घावाने पत्रा जागेवर येत नाही, उलट ताणला मात्र जातो. बिघडतो."

"हे पत्र्याचं झालं. माणसाचं काय?"

"त्यांना दुसरं काय येत होतं?" ताई म्हणाली, आणि मग तिने सगळंच सांगितलं. भाऊ लहान होता तेव्हा शेजारच्या पोराने त्याची खेळण्यातली गाडी पायाखाली चिरडली. भावाने मारायला हात उगारला. शेजारचं पोरगं रडायला लागलं. भावाला दया आली आणि त्याने हात खाली घेतला. उस्तादांनी वर्कशॉपमधून ते पाहिलं. दोघांना बखोटीला धरून आत आणलं, शेजारी शेजारी उभं केलं आणि ताईला हाक मारली. म्हणाले, "पुरा कर."

"मी विचारलं, कोणाला मारू? म्हणाले, ज्याने अर्धा ठेवला त्याला. मी हळूच चापट मारली. ते हसले. म्हणाले, असं नाही. तू डॉली पाहिलीस का कधी?"

डॉली म्हणजे लोखंडाचा ठोकळा. पत्र्यावर पुढून हातोडी मारताना मागून तो धरतात, नाहीतर पत्रा मागे सरकतो आणि घावाचा जोर वाया जातो. उस्तादांनी आपला डावा पंजा भावाच्या डोक्यामागे धरला. डोकं मागे जाऊ नये म्हणून.

"आता मार, म्हणाले. मी मारली. त्याच्या नाकातून रक्त आलं. मग म्हणाले, आता तू तुझा पुरा कर. आणि भाऊ वळला आणि त्याने त्या पोराला मारलं. त्या पोराचं नाक आजही वाकडं आहे. बघ तू, पेट्रोल पंपावर असतो तो."

"आणि मग?"

"मग उस्तादांनी त्याला उचलून घेतलं. पाठीवरून हात फिरवला. मलाही शाबासकी दिली." ताईने डोळे पुसले. "एरवी ते आम्हाला हात लावत नसत गं. ना मारायला, ना कुरवाळायला. एवढ्यापुरतंच जवळ घ्यायचे. मग आम्ही वाटच बघायचो."

असं एकदा झालं नव्हतं. वर्षानुवर्षं झालं होतं. शाळेतलं भांडण, रस्त्यावरची शिवीगाळ, एकदा तर भटकं कुत्रं. भावाचा हात उगारला जाऊन अडला की ताईने येऊन त्याला मारायचं आणि त्याने वळून समोरच्याला मारायचं. पुढे पुढे उस्तादांना सांगावंही लागेना. एक पोर अडलं की दुसरं पोर आपण होऊन जिना उतरायचं. कुत्र्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. ताई बोलता बोलता रडत होती आणि तिची आसवं इस्त्री केलेल्या शर्टावर पडत होती. मला तिची इतकी कणव आली की मी उठून तिला मिठी मारली. ज्याने मारायला लावलं तो राक्षस आणि जिला लावलं ती बिचारी, इतकं सरळ गणित मी मांडून टाकलं. लोकांच्या खांद्यावरून अपघात ओळखणारी मी, आणि मिठीत घेतलेले खांदे मला वाचता आले नाहीत.

नंतर चिंगी झाली. चिंगी म्हणजे आमची मुलगी. ठोक्या तिला पत्र्याच्या तुकड्यांचे पक्षी करून द्यायचा, कडा घासून घासून गुळगुळीत केलेले, तिच्या हाताला ओरखडा उठू नये म्हणून. आम्ही वेगळं घर घेतलं. ते मीच घ्यायला लावलं. उस्तादांपासून दोन रस्ते लांब गेलो की झालं, असा माझा समज. रात्री तो झोपेत मुठी वळायचा तेव्हा मी त्याचं एकेक बोट उलगडून ठेवायची.

मग एके दिवशी तो उशिरा आला आणि मी थट्टा केली, कारण मला थट्टेशिवाय बोलता येत नाही. म्हटलं, "आलात? मला वाटलं, आज गाडीबरोबर तुम्हालाही रंगवलं की काय." त्याचा दिवस वाईट गेला होता, ते मला माहीत नव्हतं. हात वर गेला. अडला. थरथरला. मी त्याच्या डोळ्यांत बघत म्हटलं, "ठेव खाली. ठेव, शहाणा माझा." त्याने मान वळवली. तिथे जिना नव्हता, ताई नव्हती. मग त्याने काय केलं, तर डाव्या हाताने स्वतःच्याच तोंडावर फाडकन मारून घेतलं, इतक्या जोरात की ओठ फुटला. आणि उजवा हात माझ्या कानावर आला.

दुसरा फटका बसला तेव्हा मी जमिनीवर होते. तिसऱ्याला मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्याचं तोंड हलताना दिसत होतं. तो माझ्या अंगावर बसून एका लयीत मारत होता आणि त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. कोणीतरी बास म्हणेल याची तो वाट बघत होता बहुतेक. बास म्हणायला तिथे कोणी नव्हतं. हात दमला तेव्हा तो थांबला. माझ्या डाव्या कानाने अजूनही सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. आणि मी पडले होते तिथून मला टेबलाखाली बसलेली चिंगी दिसली, पत्र्याचा पक्षी छातीशी धरून. मी तिला उचलली आणि निघाले.

चिंगीला त्या हातापासून लांब ठेवायचं, एवढंच मला पुढे करायचं होतं. पण चिंगीला तिचा बाप हवा होता. आणि सांगायचं तर मलाही हवा होता, तो डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवणारा. मेला नाही तो, आतच कुठेतरी आहे, असं वाटायचं. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्याबद्दल असं वाटतंच. ज्यांना वाटत नाही त्यांनी स्वतःला शहाणं समजावं.

मग उस्ताद गेले. काम करता करता, बसल्या खुर्चीत. मला वाईट वाटलं असं म्हणायची रीत आहे, पण मी म्हणणार नाही. मूळच उपटलं, आता झाड किती दिवस हिरवं राहील, असं मला वाटलं. ठोक्यानेही त्याच सुमारास समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे जायला सुरुवात केली. आपण होऊन, मी न सांगता. त्या बाईंनी त्याला एक युक्ती शिकवली होती. हात वर गेला की तो सरळ नेऊन आपल्याच डोक्यावर ठेवायचा. हाताला कुठेतरी पोचल्यासारखं वाटतं, म्हणे. तो बागेत चिंगीला भेटायला यायचा, कोणी चेंडू मारला, कोणी धक्का दिला, की याचा हात वर जायचा आणि डोक्यावर बसायचा. लोक बघायचे. मी त्याला म्हणायची, "टोपी उडेल म्हणून धरलीस की काय?" तो हसायचा. माझ्या थट्टेवर तो हसायला लागला तेव्हा मला वाटलं, आता जमेल.

असं बरेच महिने चाललं. एकदाही तो हात चुकला नाही. शेवटी मी ठरवलं. रविवारी दुपारी ताईकडे सगळ्यांनी जेवायचं, आणि दिवस नीट पार पडला तर ठोक्या आमच्याबरोबर घरी येणार. हे मी त्याला सांगितलं, चिंगीलाही सांगितलं. ताईकडेच का, तर मी निघाल्यापासून ठोक्या तिथेच राहायचा, आणि ताई असली की मी निर्धास्त. आम्ही पोचलो तेव्हा त्याची भरलेली पिशवी जिन्याखाली तयार होती. वर त्याचा दाढीचा डबा बांधलेला.

जेवणं झाली. ताईने चिंगीला आग्रह करकरून वाढलं. मग आम्ही खाली आलो. वर्कशॉपला सुट्टी, अर्धं शटर ओढलेलं, आत रंगाचा वास. मधोमध घोडीवर एका गाडीचं सुटं केलेलं दार टांगलं होतं, निळं, त्याच सकाळी शेवटचा हात मारलेलं. दुसऱ्या दिवशी ते द्यायचं होतं. ठोक्या मला सांगत होता की त्या निळ्यासाठी त्याने किती वेळा रंग कालवला. पत्र्याबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळायचा तसा उजळला होता. मी त्याच्याकडेच बघत होते. माझी ओढणी त्याने सहज सरळ केली. किती दिवसांनी.

"बाबा, हे मऊ आहे!" चिंगी म्हणाली.

तिने पंजा दारावर टेकवला होता. पाची बोटं. आणि बोटं टेकवली ती टेकवली, खाली ओढलीही होती.

ठोक्या वळला. त्याचा हात वर गेला. मी हलले नाही, कारण समुपदेशनवाल्या बाईंनी सांगितलं होतं की त्याला त्याचं करू द्या. हात अडला. थरथरला. आणि मग तो हात मागे गेला आणि त्याच्या डोक्यावर बसला. पाची बोटं केसांत रुतवून त्याने डोळे मिटले. एक श्वास सोडला, मग दुसरा. "काही नाही, चिंगे," तो म्हणाला. "पुन्हा मारू रंग. काही नाही."

मला रडूच आलं. आनंदाने माणूस रडतो ते मी ऐकून होते, माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. मनात मी त्याची पिशवी उचललीसुद्धा होती.

तेवढ्यात फाडकन आवाज झाला.

ताई जिना उतरून कधी आली ते मला कळलं नाही. तिने ठोक्याच्या तोंडात मारली होती. डावा पंजा त्याच्या डोक्यामागे धरून. तिचा चेहरा अगदी कोरा होता, झोपेत चालणाऱ्या माणसाचा असतो तसा, आणि तिच्या त्या बारीक गळ्यातून एक जाड, घोगरा आवाज निघाला. "पुरा कर."

"ताई, नको!" मी ओरडले. पण मी हे म्हणेपर्यंत ठोक्याचा हात डोक्यावरून सुटला होता.

चिंगी उडाली. इतकी लहान, इतकी हलकी, ती पडली नाही, उडालीच, आणि जॅकच्या दांड्यावर तोंड आपटून खाली आली. पांढऱ्या फ्रॉकवर रक्त आलं. ठोक्या तिच्यामागे एक पाऊल गेला. त्याचा हात पुन्हा वर उठला. मी मध्ये पडले, माझ्या खांद्यावर तो घाव आला, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बास!"

तो थांबला. त्या एका शब्दावर. इतकी वर्षं तो शब्द माझ्यासमोर पडलेला होता आणि मी तो उचलला नव्हता.

ठोक्या मागे सरकला. कामाच्या बाकड्याला धरून उभा राहिला, उजवा पंजा बाकड्यावरच्या लोखंडी पाटावर सपाट ठेवून. तो धापा टाकत होता. त्याने चिंगीकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडातून नुसताच आवाज आला, शब्द नाही. ताई खालच्या पायरीवर बसली होती आणि आपला हात उलटासुलटा करून बघत होती. "मी नाही गं," ती पुन्हा तिच्या बारीक आवाजात म्हणत होती. "मी कुठे काय केलं? मी नाही."

मार संपला होता. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. चिंगीला उचलायचं, शटरखालून वाकून बाहेर पडायचं, दवाखाना गाठायचा. माझ्या आईवडिलांनी मला जन्मात चापट मारली नाही. ज्या घरात मी वाढले तिथे झुरळही कागदावर घेऊन बाहेर सोडायचे, आणि आम्ही भावंडं त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. अशा घरातली मी.

मी बाकड्यावरची हातोडी उचलली. हातोडी मी कधी हातात धरली नव्हती, पण नवरा कशी धरतो ते इतकी वर्षं पाहिलं होतं. कोपर अंगाशी, जोर मनगटात. ठोक्याने माझ्याकडे पाहिलं. हातोडीकडे पाहिलं. त्याने हात काढला नाही. बोटं थोडी आणखी पसरली. मी अजूनही थांबू शकत होते. कोणी कोणाला मारत नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, आता थांबले तर अर्धा राहील.

मी मारली. हाडं मोडल्याचा आवाज पत्र्यासारखा येत नाही, सुक्या काटक्यांसारखा येतो. तो ओरडला नाही, गुडघ्यांत वाकला फक्त. मी पुन्हा मारली, कारण पहिल्या घावात नुसती बोटं गेली होती आणि मला पंजा हवा होता. तिसऱ्यांदा मारली ती कशासाठी मारली ते मला सांगता येत नाही. चौथ्याला हातोडी रक्तावरून घसरली.

ठोक्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने आपल्या पंजाकडे पाहिलं, म्हणजे जे उरलं होतं त्याच्याकडे. दुसऱ्या हाताने ते हळूच चाचपलं, डोळे मिटून. आणि शांतपणे, कामावरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "चांगला बसला."

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अंगभर बरं वाटलं. कोणीतरी जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवावा तसं. मी हसले की नाही ते मला माहीत नाही. हसलेच असेन, कारण मी वळले तेव्हा चिंगी माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती.

ती एका गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, पुढचा दात तुटला होता, पण ती रडत नव्हती. बापाकडे बघत नव्हती, आत्याकडेही नाही. मी हातोडी खाली टाकली, हात स्वतःच्या कपड्यांना पुसले आणि तिच्याकडे गेले. "चल बाळा," मी म्हटलं, आणि तिला उचलायला हात पुढे केला.

तिने डोळे गच्च मिटून घेतले. मग हाताखालून निसटून ती गाडीखाली शिरली.

मी फरशीवर पालथी पडून हात आत घातला. माझी बोटं तिच्या फ्रॉकपर्यंत पोचत नव्हती. "चिंगे, ये ना बाहेर. दवाखान्यात जायचंय आपल्याला," मी म्हणत राहिले. "घाबरू नकोस. मी आहे, आई."

"माहितेय," चिंगी आतून म्हणाली, आणि आणखी मागे सरकली.